युद्धाच्या गोष्टीतली बाई



आजची गोष्ट इंग्लंडची आहे. १९३९ ते १९४५ या काळात दुसरं महायुद्ध झालं. पुरुष पलटणीत गेले आणि कारखान्यांत, शेतांत बायका मोठ्या संख्येने कामाला लागल्या. डिसेंबर १९४१ मध्ये तर सरकारने कायदाच केला. २० ते ३० वयाच्या बिनलग्नाच्या बायकांना आणि मूल नसलेल्या विधवांना युद्धकामासाठी बोलावता येऊ लागलं.

मग त्या काळातल्या गोष्टींमध्ये ही बाई कशी दिसते? आम्ही तीन पुस्तकं घेतली आहेत. तिन्ही बायकांनीच लिहिलेली.

पहिलं 'मिसेस मिनिव्हर', लेखिका जॅन स्ट्रदर, साल १९३९. मिनिव्हरबाई लंडनच्या, खात्यापित्या घरच्या. नवरा, तीन मुलं, नीटनेटका संसार. १९४२ साली याच बाईंवर सिनेमा निघाला. त्यात बॉम्ब पडतात, पण बाई डगमगत नाहीत. सिनेमाला सहा ऑस्कर मिळाले. घर सांभाळणारी धीराची बाई, ही ओळख दूरवर पोचली. पण पुस्तकात बघा, या घरी स्वयंपाकाला बाई आहे, हाताखाली माणसं आहेत. गोष्ट मात्र मालकिणीचीच आहे.

दुसरं 'नाइट शिफ्ट', इनेझ होल्डन यांचं, १९४१ सालचं. लंडनच्या एका कारखान्यात बायका रात्रपाळीला विमानातल्या कॅमेऱ्याचे भाग बनवतात. बाहेर बॉम्ब पडतायत, आत यंत्रं चालू आहेत. या बायका थकतात, गप्पा मारतात, मजुरीबद्दल कुरकुरतात. त्या कुणी देवी नाहीत, कामगार आहेत.

तिसरं 'द फॅन्सी', मोनिका डिकन्स यांचं, १९४३ सालचं. त्यांनी स्वतः विमानदुरुस्तीच्या कारखान्यात काम केलं होतं. पुस्तकात बायकांची अख्खी टोळी आहे. तरी गोष्टीच्या मध्यभागी आहे त्यांच्यावर देखरेख करणारा पुरुष!

आम्ही हे का सांगतोय? कारण धीराचं कौतुक झालं, म्हणून मजुरी वाढली असं झालं नाही. पुरुषांच्या जागी काम करूनही बायकांना बहुतेक ठिकाणी कमीच पैसे मिळत. १९४३ साली ग्लासगोजवळच्या हिलिंग्टन इथे विमानाची इंजिनं बनवणाऱ्या बायकांनी यासाठी संप केला. समान वेतनाचा कायदा यायला मात्र १९७० साल उजाडलं.

आपल्याकडेही बाईच्या कष्टाचं कौतुक होतं. भाषणात होतं, सिनेमात होतं. पण निंदणी-खुरपणीची मजुरी किती, दिवस किती तासांचा, हे त्यात क्वचितच येतं.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. बाईवरची एखादी गोष्ट किंवा मालिका निवडा आणि तीन प्रश्न विचारा. गोष्ट कोण सांगतंय? घरातलं काम कोण करतंय? आणि पैशाचं बोलणं कुठे आहे? उत्तरं आम्हाला जरूर कळवा.