घाटांमागचा कारभार : बनारसचं डिस्ट्रिक्ट बोर्ड

काशीला गेलेला मराठी माणूस विश्वनाथाचं दर्शन घेतो, घाट पाहतो, ब्रह्माघाटाकडची मराठी घरं शोधतो आणि परततो. शहराबाहेरच्या गावांचा कारभार कोण पाहत होतं, हे त्याच्या कानावर येत नाही. तो पाहत होतं बनारसचं डिस्ट्रिक्ट बोर्ड, आपल्या जिल्हा लोकल बोर्डाचं सख्खं भावंड. दोघांच्या मुळाशी लॉर्ड रिपनचा १८८२चा ठराव.

आधी अध्यक्ष म्हणजे कलेक्टर. १९२२च्या कायद्यानं संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाकडे, अध्यक्ष निवडून येऊ लागला. मतदार मोजके, वजन जमीनदारांचं. तरी साहेबाच्या खुर्चीत लोकांचा माणूस बसला, ही लहान गोष्ट नव्हती.

कच्चे रस्ते, शाळा, दवाखाने, देवीची लस अशी कामं ढीगभर आणि तिजोरी तुटपुंजी. शेतीवरची पट्टी, नावेच्या उताऱ्यांचे लिलाव आणि कोंडवाडा यांवर भिस्त. कोंडवाड्याला तिकडे कांजी हाउस म्हणतात. पिकात शिरलेलं जनावर शेतकरी हाकत आणून तिथं कोंडायचा. मालकानं दंड आणि चाऱ्याचा खर्च भरला की ते सुटायचं. सात दिवसांत कुणी फिरकलं नाही तर पोलीस ठाण्याला वर्दी जायची, नोटीस लागायची आणि आणखी सात दिवसांनी जाहीर लिलाव. १८७१च्या कायद्यानं घालून दिलेली ही रीत.

भदोही आणि चकिया हे संस्थानी मुलूख. ते १९४९मध्ये विलीनीकरणानंतर जिल्ह्यात आले. मे १९५६मध्ये बनारसचं वाराणसी झालं आणि १९५८मध्ये बोर्डाच्या जागी अंतरिम जिल्हा परिषद आली. पुढे १९६१चा जिल्हा परिषदांचा कायदा झाला, १९९४मध्ये जिल्हा पंचायत हे नाव आलं. त्याच वर्षी भदोही वेगळा जिल्हा झाला, १९९७मध्ये चंदौली.

खरा घाव मात्र १९७२चा. त्या वर्षीच्या बेसिक शिक्षण कायद्यानं प्राथमिक शाळा राज्याच्या शिक्षण परिषदेकडे गेल्या. आपल्याकडे १ मे १९६२ला लोकल बोर्डं संपली, पण शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. म्हणून आजही आपण सहज ‘झेडपीची शाळा’ म्हणतो. मास्तर आला नाही, छप्पर गळतंय, ही तक्रार घेऊन गावकरी आपल्या निवडून दिलेल्या सदस्याच्या दारात जातो. वाराणसीच्या गावकऱ्याचा तो हक्काचा दरवाजा बंद झाला. शाळा गेली तिथं जिल्हा पंचायतीचा कणाच गेला, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तर प्रदेशानं त्या शाळा परत द्याव्यात, आणि आपण आपल्या हातातल्या सोडू नयेत.