कोकिळा खाते ती बिट्टी

उन्हाळ्यात आमच्या भातकुलीकडे विहिरीच्या पाण्याचा चहासुद्धा खारट लागतो. अमरावती, अकोला आणि बुलडाण्यात पसरलेल्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं हे गाव. गुलाब, मोगरा लावून हात टेकले की माणसं पिवळ्या कण्हेरीकडे वळतात. ती चिवट असते, बकरी तिला तोंड लावत नाही, आणि महादेवाला वाहायला रोज ओंजळभर फुलं मिळतात.

अंगणात कण्हेर लावायची म्हटल्यावर शेजारच्या आजी मला म्हणाल्या, "दारात नको लावू रे बापा, तिच्या वाऱ्यानं लेकरू खंगते." त्यांचा नातू तेव्हा ओट्यावर कण्हेरीच्या फळातल्या पाच कडक बिट्ट्या घेऊन सागरगोट्यांसारखा खेळत होता. हात मोकळे करायचे म्हणून त्यानं एक बिट्टी दातांत धरली. मी धावलो ते त्या बिट्टीसाठी.

कण्हेरीच्या वाऱ्यानं, वासानं किंवा सावलीनं कुणी खंगत नाही. तिचा पांढरा चीक मात्र कातडीला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर फार त्रास देतो. विष झाडाच्या सगळ्याच भागांत असतं, पण सर्वांत जास्त असतं ते बिट्टीच्या आतल्या गरात. थेवेटिन आणि त्याच्या जातीची ही द्रव्यं हृदयाच्या पेशींमध्ये सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा पंप अडवतात. मग मळमळ होते, उलट्या होतात, नाडी मंदावते, ठोके चुकतात, आणि हृदय बंदही पडू शकतं. बी उकळलं, भाजलं, वाळवलं तरी हे विष जात नाही.

"कोकिळा खाते ना, मग विषारी कशी?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कोकिळा ही फळं खाते, हे खरंच आहे. पण पाखराला जे पचतं ते माणसाला आणि गाईला पचेलच असं नाही. बकरीचंही तसंच. ती हिरवा पाला टाळते, म्हणून छाटलेल्या फांद्या कुटाराजवळ टाकून देऊ नका. वाळलेला पाला चाऱ्यात मिसळला की जनावराला तो ओळखता येत नाही, आणि विष तर तसंच असतं. त्या काड्या चुलीतही घालू नका.

ही कण्हेर पुराणकाळापासून आपली आहे, असंही समजतात. आपली जुनी कण्हेर म्हणजे लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांची. तीही विषारीच, पण झाड वेगळं. पिवळी मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. आंद्रे थेवे या सोळाव्या शतकातल्या फ्रेंच पाद्र्याचं नाव तिच्या शास्त्रीय नावात आहे. महादेवानं तिला नंतर आपलंसं केलं. त्यात गैर काही नाही, फक्त देवाला वाहिलेलं फूल प्रसाद म्हणून लेकरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

घरगुती उपायांबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. मूल बिट्टी चावताना दिसलं की घरात मिठाचं पाणी, तूप, ताक यांची धावपळ सुरू होते. तसलं काही पाजू नका आणि बोटं घालून उलटी काढू नका. तोंडातलं उरलेलं काढा, चूळ भरायला लावा, १०८ला फोन करा, आणि बिट्टीचा तुकडा किंवा पानाची डहाळी सोबत घेऊन दवाखाना गाठा. लेकरू हसत-खेळत असलं तरी न्यायचंच, कारण ठोक्यांचा बिघाड उशिरानंही दिसतो. म्हणून डॉक्टर ईसीजी लावून बराच वेळ नजरेखाली ठेवतात. हृदयाच्या डिगॉक्सिन या औषधाच्या विषबाधेवर जो उतारा वापरतात, तो इथेही लागू पडतो, हे श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी रुग्णांवर तपासून २००० साली दाखवून दिलं. पण तो महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. त्यामुळे वेळेवर पोचणं हेच पहिलं औषध.

आता लावणीचं. "बिट्टीपासून झाड होत नाही, फांदीच लावावी लागते" हे खरं नाही. फळ हिरव्याचं काळं पडून गळलं की गोळा करा आणि हातमोजे घालून साल व मगज काढा. आत तिकोनी, लाकडासारखी कडक बिट्टी निघते. ती फोडायच्या भानगडीत पडू नका. एक दिवस पाण्यात भिजवा. भिजवण्याचं भांडं स्वयंपाकघरातलं नसावं, आणि ते पाणी गोठ्याकडे सांडू नका. पिशवीत भुसभुशीत मातीखाली बोटाच्या पेराएवढी पुरा आणि माती ओलसर ठेवा, चिखल नको. आठवड्यात काही दिसलं नाही म्हणून उकरू नका. महिना-दोन महिने लागू शकतात. एका बिट्टीत एकाहून जास्त बिया असतात, म्हणून कधी दोन रोपं जोडीनं वर येतात. पहिल्या पावसाच्या ओलीत ती जमिनीत लावा, पण अंगणवाडीच्या कुंपणाला, गोठ्याच्या भिंतीला किंवा पाण्याच्या टाकीवर झुकेल अशा जागी लावू नका.

आईझाड पिवळं असलं तरी रोपाला केशरी किंवा पांढरं फूलही येऊ शकतं. माझ्याकडे तीन रोपं आहेत आणि अजून एकालाही कळी धरलेली नाही. फळं लागायला लागली की दर आठवड्याला झाडाखालचं झाडून घ्यायचं, हे मी आताच ठरवून ठेवलं आहे. आजींच्या नातवाला मी अमरावतीहून खरे सागरगोटे आणून दिले. त्याच्या पाच बिट्ट्या मी कुंडीत पुरल्या. त्यातलीच ही तीन रोपं.