औषध चाचण्यांतील सांख्यिकी प्रोग्रामर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संख्याशास्त्रज्ञांनी ठरवलेली सूत्रे संगणकावर चालवून तक्ते काढणे एवढेच सांख्यिकी प्रोग्रामरचे काम असते, असा समज औषधनिर्मिती क्षेत्रातही आढळतो. वस्तुतः रुग्णालयांतून आलेल्या कच्च्या नोंदींपासून विश्लेषणयोग्य संच तयार करणे हा या कामाचा गाभा असून, त्यासाठी संगणकाइतकीच वैद्यकीय जाण लागते. उदाहरणार्थ, रुग्णाला उलट्या कोणत्या महिन्यात सुरू झाल्या हे नोंदलेले असते, पण दिवस लिहिलेला नसतो, आणि औषधाची पहिली मात्राही त्याच महिन्यात दिलेली असते. अशा वेळी तो त्रास औषधाआधीचा मानला तर दुष्परिणामांच्या मुख्य तक्त्यात येत नाही, नंतरचा मानला तर येतो. यासंबंधीचा नियम सांख्यिकी विश्लेषण आराखड्यात, म्हणजे विश्लेषणाची रीत आधीच बांधून देणाऱ्या दस्तऐवजात, लिहिलेला असतो आणि त्याचा कल सामान्यतः त्रास औषधानंतरचा धरण्याकडे असतो. तरीही आराखडा लिहिताना कोणाला न सुचलेले प्रसंग नोंदी हाताळणाऱ्या प्रोग्रामरच्याच नजरेस बहुधा प्रथम पडतात, आणि त्याने ते न विचारता परस्पर मिटवले तर औषधाच्या सुरक्षिततेचे चित्रच बदलू शकते.

हे काम चाचणी संपल्यावर सुरू होते, हेही खरे नाही. कोणाला औषध आणि कोणाला औषधविरहित गोळी मिळाली हे गुप्त असतानाच, तात्पुरत्या बनावट गटवाटपावर प्रोग्राम लिहून तपासले जातात, जेणेकरून निकाल पाहून रीत बदलण्याचा मोह कोणालाही होऊ नये.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘सॅस’ हीच सांख्यिकी संगणकप्रणाली सक्तीची केल्याचा समजही चुकीचा आहे. विशिष्ट प्रणालीची सक्ती नसल्याचे या संस्थेने 2015 मध्ये स्पष्ट केले. सक्ती आहे ती 17 डिसेंबर 2016 नंतर सुरू झालेल्या अभ्यासांची माहिती ‘सीडिस्क’सारख्या मान्य प्रमाणकांनुसार मांडण्याची, म्हणजे तक्त्यातील आकड्यापासून मूळ नोंदीपर्यंतचा माग तपासनिसाला काढता येतो.

महत्त्वाचा तक्ता दोन प्रोग्रामरांनी स्वतंत्रपणे तयार करून निकाल ताडून पाहण्याच्या पद्धतीला काही व्यवस्थापक दुप्पट खर्च समजतात. ती चुका पकडतेच. पण दोघांनीही एकच चुकीचे तपशीलपत्रक वाचलेले असेल तर जुळलेल्या निकालातून काहीच सिद्ध होत नाही, म्हणून दुसऱ्या प्रोग्रामरने ते पत्रक बाजूला ठेवून मूळ आराखड्यापासूनच आरंभ करणे आवश्यक ठरते.