कोरडा पेपर की पाण्याचा?

1920 साली पॉलिश पेपर बनवणाऱ्या थ्रीएम या अमेरिकन कंपनीकडे एक चमत्कारिक पत्र आलं. फिलाडेल्फियातला शाई बनवणारा फ्रान्सिस ओकी घासकामाच्या खनिजाच्या बारीक-मोठ्या सगळ्या कणांचे नमुने मागत होता. कंपनीच्या विल्यम मॅकनाइट यांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की ओकीने पाण्यात भिजवूनही न सुटणारा पॉलिश पेपर तयार केला आहे. कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि 1921 मध्ये 'वेटऑरड्राय' बाजारात आणला. मोटारी कोरड्या घासताना उडणारी शिसेयुक्त धूळ रंगाऱ्यांच्या छातीत जात असे. पाण्याने ती जागीच बसू लागली.

आपल्याकडे तो वॉटर पेपर. पाणी घासून निघालेला गाळ धुऊन नेतं, त्यामुळे पेपर भरत नाही आणि बराच टिकतो. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, गुळगुळीत करायला त्याच्यासारखं साधन नाही.

प्रायमरवर मात्र तोच घात करतो. प्रायमरखालच्या पॉलिएस्टर पुट्टीत टाल्क असतो आणि ती पाणी शोषते. कडेला घासताना प्रायमर फाटला की पाणी थेट पुट्टीत किंवा उघड्या पत्र्यावर पोचतं. वरून रंग बसतो, गाडी चकचकीत होऊन घरी जाते, आणि काही महिन्यांनी फोड येतात, खालून गंज धरतो. बोअरच्या पाण्यातले क्षार मागे राहिले तर ते ओल ओढून घेतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर पुट्टी सुकता सुकत नाही.

म्हणूनच आता प्रायमर कोरडाच घासण्याकडे कल आहे: व्हॅक्यूम जोडलेलं डीए सँडर (फिरत घासणारं यंत्र), मऊ पॅड, पी400 ते पी500 इतक्या बारीक कणांचा पेपर. हाताने पाण्यात घासायचं तर पी600 ते पी800. आधी काळ्या पावडरचा गाइड कोट फिरवला की खोलगट जागी काळं उरतं आणि चूक लगेच दिसते. ओल्या प्रायमरवर सगळंच चमकतं, खळगा लपतो.

धुळीचा प्रश्न मात्र खराच आहे. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायच्या, प्रायमरमध्ये बहुधा आयसोसायनेट असतं; तो पुरता सुकलेला नसेल तर धूळ अधिकच घातक. तोंडावर रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र हवंच. गॅरेजवाल्याने हा खर्च टाळू नये.

गाडी रंगाला देताना एवढं विचारा: प्रायमर कसा घासणार? उत्तर 'पाण्याने' असेल, तर रंगाआधी तो पूर्ण वाळवायला सांगा आणि त्यासाठी एक दिवस जास्त द्या.