डोळस बोटं

रॅकून सोवळ्याओवळ्याचा फार कडक असावा, असा समज जगभर आहे. पिंजऱ्यातला रॅकून मिळालेला घास आधी पाण्यात बुडवतो, दोन्ही हातांनी चोळतो आणि मगच तोंडात टाकतो. त्यामुळेच त्याच्या शास्त्रीय नावात ‘लोटोर’ हा लॅटिन शब्द आला, म्हणजे धुणारा. जर्मन लोक त्याला ‘धुणारं अस्वल’ म्हणतात, जपानीतही तोच अर्थ. लिनियसने तर त्याला खरोखरच अस्वलांच्या पंगतीत बसवलं होतं.

रानातला रॅकून मात्र असलं काही करताना सहसा दिसत नाही. तो ओढ्याकाठी बसून पाण्यात हात घालतो आणि खेकडे, बेडूक, शिंपले चाचपत राहतो. नजर तेव्हा भलतीकडेच असते. पिंजऱ्यात ओढा नसतो, पण हातांची सवय काही सुटत नाही. मग समोर ठेवलेला तुकडाच पाण्यात टाकून तो पुन्हा ‘शोधून’ काढतो, असं अभ्यासकांना वाटतं. शिवाय तळवे ओले झाले की त्यांना स्पर्श अधिक नेमका कळतो.

आपला अंगठा इतर बोटांसमोर येतो, तसा त्याचा येत नाही. तरी बोटं लांब आणि सुटी, आणि नख्यांजवळ मिशांसारखे ताठ केस. बोट टेकायच्या आधीच त्या केसांना वस्तूची चाहूल लागते. मेंदूतल्या स्पर्शाच्या भागातला मोठा वाटा एकट्या पुढच्या पंजांनी अडवलेला आहे. आपण डोळ्यांनी जे करतो, ते हा रात्रीच्या अंधारात बोटांनी करतो.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी हे आधीच हेरलं होतं. ‘रॅकून’ हा शब्द व्हर्जिनियातल्या पोहॅटन लोकांचा. अर्थ साधारण ‘हातांनी चोळणारा, खरवडणारा’. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत तो ‘सगळं हातात घेणारा’. धुण्याची भानगड नंतरच्या पंडितांची!

या हातांपुढे कड्याकुलपं फारशी टिकत नाहीत. एच. बी. डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॅकूनना 13 प्रकारच्या कड्या घालून दिल्या. त्यांतल्या 11 त्यांनी उघडल्या. टोरांटो शहराने 2016 मध्ये ओल्या कचऱ्यासाठी रॅकूनला न उघडणारे डबे आणले, खर्च सुमारे 3 कोटी 10 लाख कॅनेडियन डॉलर. दोनच वर्षांनी डबा आडवा पाडून त्याची मूठ फिरवणारा रॅकून कॅमेऱ्यात सापडला. तिकडे कुणी नातेवाईक असतील तर विचारून बघा, कचऱ्याच्या गोष्टी संपणार नाहीत.

माणसाने हौसेने नेलं तिथेही तो रुजला. जर्मनीत 1934 मध्ये एडरझे जलाशयाजवळ अवघ्या दोन जोड्या सोडल्या होत्या. आज त्या देशात रॅकून लाखोंच्या घरात आहेत. जपानमध्ये 1977 साली ‘रास्कल’ नावाच्या रॅकूनची कार्टून मालिका टीव्हीवर आली आणि घरोघरी पिल्लं हवीहवीशी झाली. पिल्लू मोठं झालं की चावतं, कपाटं उघडतं. काही पळाले, काहींना मालकांनीच डोंगरात सोडलं. पुढे ते क्योतोतल्या जुन्या देवळांच्या माळ्यांवर बिऱ्हाड करू लागले. तिथल्या लाकडी खांबांवर आता पाच नखांचे ओरखडे दिसतात.