सुकतळा

नगरच्या माळीवाडा बसस्थानकाबाहेर रंग उडालेल्या छत्रीखाली एक मामा बसतात. गेल्या एप्रिलात त्यांच्याकडे माझा बूट घेऊन गेलो. बूट नवा, चांगला तीन हजारांचा. तक्रार एवढीच, की संध्याकाळी पायातून काढला की घरातली माणसं एकेक करून दुसऱ्या खोलीत जायची. मामांनी बूट उलटापालटा केला, आतला फोमचा तुकडा दोन बोटांनी ओढून काढला आणि चिमटीत दाबला. बोटं ओली झाली. ती त्यांनी शांतपणे मांडीवरच्या फडक्याला पुसली.

"याला सुकतळा नाही म्हणत, भाऊ. हा भिजतळा झाला."

मग पेटीतून त्यांनी विटकरी रंगाचा कातड्याचा तुकडा काढला. त्यावर तो फोम ठेवून पेन्सिलीनं कड आखली आणि रापी अशी फिरवली की अंगठ्यापासून टाचेपर्यंत हात कुठे अडला नाही. पुढची कड रापीनंच तासून पातळ केली, बोटांना टोचू नये म्हणून. तुकडा बुटात सरकवला, मूठ घालून दाबला. "रोज रात्री बाहेर काढायचा. उन्हात नाही, सावलीत."

सुकतळा. जोड्याच्या आत घालायचा कातड्याचा तळ. व्युत्पत्ती पंडितांनी पाहावी, माझ्या कानाला त्यात 'सुकं' ऐकू येतं. हल्ली घरात हा शब्द उरलाय तो कडक झालेल्या पोळीला नावं ठेवण्यापुरता. पण त्या दिवसापासून गेल्या पन्नास वर्षांत माझ्या आणि आजूबाजूच्या लोकांच्या पायात काय काय येऊन गेलं हे आठवायला लागलो, आणि लक्षात आलं की पाय कोरडा ठेवण्याची सगळी धडपड या एका तुकड्याभोवती फिरत राहिली आहे.

आठवणी १९७२ पासून सुरू होतात. दुष्काळी कामावर आई खडी फोडायची, मी सुकडीच्या आशेनं तिच्यामागे. त्या कामावरचे पाय अजून दिसतात. बहुतेक अनवाणी, काही चिंध्या गुंडाळलेले, काहींच्या पायात टायरच्या चपला. घाम हा प्रश्नच नव्हता. आमच्याकडचं ऊन घाम अंगावर ठरू देत नाही. प्रश्न होता भेगांचा. रात्री आमसुलाचं तेल वितळवून टाचेत भरायचं आणि निजायचं.

आजोबांच्या पायात मात्र वहाणा होत्या. गावच्या चर्मकारानं बलुत्यावर करून दिलेल्या, दोन्ही मिळून शेरभर तरी वजनाच्या. नव्या असताना आठवडाभर चावायच्या. एरंडेल पाजून पाजून त्या मऊ व्हायच्या आणि मग तळावर आजोबांच्या पायाची पाचही बोटं काळीभोर उमटायची. ते काळं म्हणजे वर्षानुवर्षं मुरलेला घाम. वहाणांना वास मात्र कातड्याचाच यायचा, पायाचा नाही. हे असं का, ते कळायला मला चाळीस वर्षं लागली.

झाडसालीनं कमावलेलं कातडं पाणी पितं. जनावराच्या कातडीतलं कोलॅजेन मुळातच ओलाव्याला धरून ठेवणारं. बाभळीच्या सालीतलं आणि हिरड्यातलं टॅनिन त्याला कुजण्यापासून वाचवतं, पण त्याची तहान मारत नाही. दिवसभर पायाचा घाम आत घ्यायचा, रात्रभर हवेला परत करायचा. कोल्हापुरी पायताणाचा सगळा लौकिक याच गुणावर उभा आहे. २०१९ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. त्यात नगर नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं तसलीच चप्पल मिरवली, त्यावरून केवढा गदारोळ झाला. तेव्हाही आमचा उल्लेख यायचं कारण नव्हतं. पण गंमत पाहा. बाभूळ आमच्या पूर्वेकडच्या पाथर्डी-शेवगावच्या बांधाबांधावर, आणि हिरडा पश्चिमेला अकोले तालुक्याच्या डोंगरात. तिथले महादेव कोळी अजून बाळहिरडा वेचून विकतात. कातडं कमावायची दोन्ही औषधं एकाच जिल्ह्यात, दोन टोकांना.

हे सांगताना जुन्या काळाची आरती ओवाळायची नाही. ती वहाण ज्यांच्या हातून व्हायची, त्यांना ती पायात घालून पाटलाच्या वाड्यावरून जाता येत नसे. मेलेलं जनावर ओढणं, कातडं सोलणं, चुन्याच्या कुंडात हात घालणं ही कामं कोणी करायची हे जातीनं ठरवलेलं होतं. दया पवार याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. १९७८ मध्ये त्यांच्या पुस्तकाचं नाव 'बलुतं' झालं, तेव्हा त्या एका शब्दात किती अपमान मुरलेला आहे हे आमच्यासारख्यांना पहिल्यांदा वाचून कळलं. कातड्यानं घाम शोषला, पण कोणाचा आणि कोणासाठी, हे तळावरच्या बोटांच्या ठशांत दिसत नाही.

मग रबर आलं. स्लिपर स्वस्त होती, हलकी होती, पावसात कुजत नव्हती, आणि ती घालायला कोणाची परवानगी लागत नव्हती. रबर घामाचा थेंबही पीत नाही. पण वरून सगळा पाय उघडा, म्हणून चालून गेलं. फार तर तळवा घसरायचा आणि अंगठा निघायचा. सेफ्टी पिन लावली की झालं.

खरी पंचाईत झाली पाय बंद झाला तेव्हा. आमच्या हायस्कूलला पांढरे कॅनव्हासचे बूट आणि नायलॉनचे मोजे सक्तीचे झाले. कॅनव्हास बिचारा बरा, त्यातून हवा जाते. पण तळ रबराचा आणि मोजा नायलॉनचा, म्हणजे पाय बरणीत घातल्यासारखा. शुक्रवारी पी.टी.च्या तासानंतर वर्गात शिरणारे मास्तर आधी खिडक्या उघडायचे आणि मग हजेरी घ्यायचे.

दोन्ही पायांना मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतून झरणाऱ्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. ओल्या, उबदार, बंद जागेत कातडीवरचे जिवाणू त्याच्यावर जेवतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी द्रव्यं तयार होतात. जुन्या चीजला येतो तोच तो वास. शिसेइडो या जपानी कंपनीच्या संशोधकांनी पायाच्या दुर्गंधीची रसायनं शोधली, म्हणून त्यांना १९९२ मध्ये इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा हा पुरस्कार. ज्यांना आपल्या पायांना वास येतो असं वाटतं त्यांच्या पायांना येतो आणि बाकीच्यांच्या येत नाही, असा त्यांचा एक निष्कर्ष होता. आमच्या वर्गातल्या पोरांवर प्रयोग केला असता तर त्यांनी तो मागे घेतला असता. २०२५ मध्ये पुन्हा याच विषयाला इग नोबेल मिळालं, ते आपल्याकडच्या विकाश कुमार आणि सार्थक मित्तल यांना. त्यांनी बुटांच्या मांडणीत अतिनील किरणांचा दिवा बसवला; दोन-तीन मिनिटांत जिवाणू मरतात. उपाय छान आहे. पण तो बूट पायातून काढल्यावरचा. पायात असतानाचं काय?

याचं उत्तर शोधायचं तर पाटाकडे जावं लागतं. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पुरं झालं आणि प्रवरेच्या पाटांनी खालची जमीन उसाखाली गेली. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि उसाला घर मिळालं. ऊस म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे रात्र. पाटाची पाळी रात्री, पुढे मोटारीची वीजही रात्री. बाप्ये रात्रभर दारं धरत चिखलात उभे. सकाळी बोटांच्या बेचक्यात पांढऱ्याफटक चिखल्या. खाजायच्या, चरचरायच्या, त्यावर मेंदीचा पाला वाटून लावायचा आणि संध्याकाळी पुन्हा त्याच पाण्यात.

म्हणून माझ्या मामेसासऱ्यांनी गमबूट घेतले. साप-किरडाचं भय गेलं, चिखल बाहेर राहिला. चिखल्या मात्र जशाच्या तशा. बाहेरचं पाणी अडवणारं रबर आतलंही अडवतंच की! चार तासांनी बूट उपडा केला तर पाटाचं नव्हे, पायाचंच पाणी गळायचं. त्यांनी मग काय केलं? फाटक्या घोंगडीचे पायाच्या मापाचे चार तुकडे कापले. दोन बुटात, दोन कोपीच्या आड्याला टांगलेले. मध्यरात्री एकदा बदलायचे. चिखल्या पुऱ्या गेल्या नाहीत, पण बेचक्यात पुन्हा माणसाची कातडी दिसायला लागली.

हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, अंगाला टोचणारी, स्वेटरच्या कामाची नाही. पण तळव्याखाली ती जाड असलेलीच बरी, दबून चपटी होत नाही आणि धाग्यांमध्ये हवा राहते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं जंगलात लढण्यासाठी जो बूट केला, त्यात नेमकी हीच युक्ती होती: प्लास्टिकच्या जाळीचे थर चिकटवून केलेला, काढता-घालता येणारा सुकतळा. पाऊल टेकलं की जाळीतली हवा दबून बाहेर, उचललं की नवी आत. पुढे त्या बुटांना तळव्याच्या आतल्या बाजूला जाळीदार भोकंही आली. पाणी आत येणारच, तर निदान त्याला जायला वाट द्या, असा सरळ हिशेब. मामेसासऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आन् वाळू घालायचे कुठं ते?"

नंतरच्या बुटांची कथा पैशाची आहे. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांडीला हिसका दिला; ती तुटण्याऐवजी ताणली गेली आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रं पडली. पाण्याच्या थेंबाला शिरता येऊ नये इतकी बारीक, वाफेला मात्र सहज निसटता यावं इतकी मोठी. तेच गोर-टेक्स. मारिओ मोरेत्ती पोलेगातो हे इटलीतले दारूच्या व्यवसायातले गृहस्थ अमेरिकेत नेवाडाच्या उन्हात फिरताना पाय शिजायला लागले, म्हणून चाकूनं बुटाच्या तळालाच भोकं पाडून मोकळे झाले. त्यातूनच पुढे 'श्वास घेणारा' तळ आणि १९९५ मध्ये जिऑक्स ही कंपनी आली. नगरच्या कापडबाजारात आज जो तो बूट 'ब्रीदेबल' असतो, त्याचं मूळ हे.

पण बूट श्वास घेतो म्हणजे काय? त्याला फुप्फुसं नाहीत. आत ओलावा जास्त, बाहेर कमी. या फरकाच्या ओढीनं वाफ बाहेर जाते, एवढंच. पाथर्डीत एप्रिलच्या दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी असते, की साध्या जाळीच्या बुटातूनही वाफ ओढली जाते. महागड्या पडद्याची गरजच नाही. तोच बूट, पडद्यासकट, जुलैत अकोल्याच्या डोंगरातल्या घाटघरला न्या. बाहेरचं कापड चिंब, छिद्रांच्या तोंडावर पाण्याचा थर, हवा आधीच गच्च. ओढ मंदावते आणि आतलं आतच राहतं. पावसाच्या बाबतीत हा एकच जिल्हा दोन देशांसारखा आहे. एकीकडे टँकरची वाट पाहणारी गावं, दुसरीकडे महिनाभर सूर्य न दिसणारी. दोन्हीकडे चालेल असा एक बूट, असं कोणी सांगितलं तर त्याला आधी त्याच बाजूच्या रतनवाडीला मुक्कामाला पाठवावं. तिथल्या बायका आवणीला डोक्यावर इरलं घेतात, पाय उघडेच ठेवतात. चिखल्या त्यांनाही होतात, पण घरी येऊन चुलीपुढे पाय शेकले की निदान कोरडे तरी होतात.

२०२३ मध्ये सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे द्यायचं शासनानं ठरवलं, माणशी १७० रुपये. अनवाणी शाळेत गेलेल्या माझ्या पिढीला याचं अप्रूप आहे आणि मी त्याला नाक मुरडणार नाही. त्या पुढच्या पावसाळ्यात अकोल्याच्या वरच्या अंगाला एका शाळेच्या ओसरीवर बसलो होतो. मुलं ओढा ओलांडून आली, अनवाणी, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, आणि प्रत्येकाच्या काखोटीला प्लास्टिकची पिशवी. ओसरीवर पाय पुसले, पिशवीतून बूट काढले, घातले आणि वर्गात गेली. एका मुलीच्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते. ते तिनं जपून काढून, उलगडून, दप्तरात ठेवले. विचारलं तर म्हणाली, "संध्याकाळी परत लागत्यात."

माळीवाड्याच्या मामांना मी हे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या सुकतळ्याचे चाळीस रुपये घेतले. मी निघालो तसं मागून हाक मारली. "भाऊ, एकानं नाही भागायचं. दोन जोड लागतेत. एक पायात, एक खिडकीत."

मी परत बसलो. त्यांनी रापी उचलली.