साडेनऊची शिफ्ट आणि उद्याचा डोंगर

सकाळी ६:१५

उन्हाळी वेळ चालू असते तोवर फ्रान्स भारतापेक्षा साडेतीन तास मागे. ग्रनोबलमध्ये माझा गजर वाजतो तेव्हा साताऱ्यात पावणेदहा झालेले असतात, आईची पूजा उरकलेली असते आणि कुकरच्या शिट्ट्या चालू असतात. व्हिडिओ कॉलवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "अगं, काल रात्री काय जेवलीस?" दुसरा: "भाजणी संपली का? पाठवू?" ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातील आणि फरक साडेचार तासांचा होईल. मग संध्याकाळचा फोन बंदच पडतो, कारण मी घरी पोचेपर्यंत तिकडे निजानीज झालेली असते. म्हणून सकाळचा फोन चुकवत नाही.

सकाळी ७:४५

ग्रनोबलला शार्त्रूज, व्हेर्कोर आणि बेलदोन या तीन डोंगररांगांनी घेरलेलं आहे, पण गाव मात्र सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर. त्यामुळे इथे आबालवृद्ध सायकलवर. वाटेत रेल्वेपुलाखाली सकाळचा बाजार भरतो. सध्या अक्रोडाचा हंगाम आहे. इथल्या अक्रोडाला १९३८ सालीच अधिकृत मूळस्थानाचा दर्जा मिळाला, पुण्याकडे आंबेमोहोराचं असतं तसं इथल्या लोकांचं त्याच्याबद्दल असतं. मी किलोभर घेते आणि लसूण, लाल तिखट घालून कुटते. शेंगदाण्याच्या चटणीपेक्षा तेल जास्त सुटतं, पण भाकरीबरोबर झकास लागते.

तिथून पुढे इझेर आणि द्राक या दोन नद्यांच्या संगमाकडे निमुळती होत गेलेली जमीन आहे. तिच्या टोकाला आमची संस्था, युरोपियन सिंक्रोट्रॉन. शेजारीच न्यूट्रॉनवर संशोधन करणारी लाऊ-लांजव्हाँ संस्था आणि युरोपियन रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेची शाखा. तिन्हींचं फाटक एकच.

सकाळी ९:००

आमचं यंत्र म्हणजे ८४४ मीटर परिघाचं एक वर्तुळ. त्याच्या निर्वात नळीतून इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरतात. चुंबकांनी त्यांची वाट वाकवली की ते क्ष-किरण फेकतात. वर्तुळाभोवती या किरणांच्या वाटा, म्हणजे बीमलाइन्स, बांधलेल्या आहेत. १९९४ मध्ये हे केंद्र संशोधकांना खुलं झालं. नंतर इलेक्ट्रॉनचं हे साठवण-वर्तुळ जवळजवळ पूर्ण काढून नव्याने बसवलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये ते पुन्हा सुरू झालं. माझ्या बीमलाइनवर प्रथिनांच्या स्फटिकांचा अभ्यास होतो. बाहेरून येणाऱ्या गटांना हाताशी धरून काम करून देणं हे माझ्या नोकरीचं अर्धं अंग, उरलेलं अर्धं माझं स्वतःचं संशोधन.

आजची शिफ्ट साडेनऊची. पाहुणा गट हंगेरीहून आलाय, दोन विद्यार्थिनी आणि त्यांच्या मॅडम. द्रवरूप नायट्रोजनच्या पिंपातून वाफा निघतायत. मोठ्या विद्यार्थिनीने गॉगल लावलाय, निळे जाड हातमोजे घातलेत आणि लांब चिमट्याने नमुन्यांची चकती उचलून यंत्रमानवाच्या टाकीत ठेवतेय. चकतीत सोळा टाचण्या असतात आणि प्रत्येक टाचणीच्या टोकाला केसापेक्षा बारीक फासा. त्या फाशात अडकलेला स्फटिक एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. धाकटीला तो दिसेना. म्हटलं, डोळ्यांनी शोधू नकोस, पडद्यावर बघ.

क्ष-किरण सोडण्याआधी प्रयोगाची खोली बंद करण्याचा एक विधी आहे. आत कोणी राहिलं नाही ना, हे फिरून पाहायचं, भिंतीवरची बटणं क्रमाने दाबायची, भोंगा वाजत असताना बाहेर पडायचं आणि दार लावायचं. एक पायरी जरी चुकली तरी किरणांची झडप उघडत नाही. कितीही मोठा प्राध्यापक असो, यातून सुटका नाही. मग यंत्रमानवाचा हात टाचणी उचलतो, उणे १७३ अंशांच्या वायूच्या झोतात धरतो, स्फटिक फिरू लागतो आणि पडद्यावर काळ्या ठिपक्यांची रांगोळी उमटते. मी सुरुवात केली तेव्हा असा एक संच गोळा व्हायला बराच वेळ लागायचा. आता मिनिटाच्या आत होतो, मागे राहतात ती फक्त माणसं.

दुपारी १२:००

फ्रान्समध्ये बारा म्हणजे बारा. तिन्ही संस्थांची खानावळ एकच असते आणि बाराच्या ठोक्याला तिथे रांग लागते. आमच्या टेबलावर स्पेन, पोलंड, इटली आणि सातारा. बोलणं इंग्रजीत. जेवणानंतर कॉफी वेगळ्या टेबलावर घ्यायची, ती पुन्हा वीस मिनिटांची बैठक. पहिल्या वर्षी मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. आता कळतं की कुठल्या बीमलाइनवर कुठलं नवं उपकरण येतंय, कोणाचा करार संपतोय, हे सगळं कॉफीवरच कळतं.

करार संपणं ही इथली नेहमीची गोष्ट. बरीचशी पदं मुदतीची. दोन-तीन वर्षांत मैत्री जुळते आणि निरोपाच्या पार्टीत चीज नि वाइनसोबत संपते. त्यात एक सोयीची अडचणही आहे. फाटकाच्या आत सगळं इंग्रजीत चालतं, बँकेपासून निवासपरवान्याच्या कागदांपर्यंत मदत करणारं कोणीतरी असतं, त्यामुळे शहराशी ओळख न होताही माणूस इथे वर्षानुवर्षं राहू शकतो. तसे राहिलेले लोक मी पाहिलेत. त्यांच्या फोनमधले सगळे नंबर संस्थेतल्याच लोकांचे.

दुपारी ४:३०

हंगेरीचा गट आता स्वतः चालवतोय. मी माझ्या टेबलावर. ठिपक्यांवरून प्रथिनाचा आकार काढायचा तर फुरिये रूपांतर लागतं आणि इथे ते वापरताना मला नेहमी गंमत वाटते. जोझेफ फुरिये हा गणिती १८०२ पासून १८१५ पर्यंत याच इझेर जिल्ह्याचा प्रेफे होता, आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखा. दलदलीचा निचरा, रस्ते, फायली हे सगळं सांभाळत त्याने उष्णतेच्या वहनावरचं गणित मांडलं आणि १८०७ मध्ये पॅरिसला सादर केलं. नोकरी सांभाळून संशोधन होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी त्याचं नाव सांगते.

आकार तयार झाला की तो तपासायचा. प्रथिनाच्या साखळीची वळणं कुठल्या कोनांत बसू शकतात आणि कुठल्या नाही, याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केला. जगातली कुठलीही प्रयोगशाळा प्रथिनाची रचना जाहीर करण्याआधी 'रामचंद्रन प्लॉट' पाहते. आज माझ्या रचनेतले दोन ठिपके त्या नकाशाबाहेर गेले. म्हणजे सोमवारी पुन्हा बसणं आलं.

संध्याकाळी ६:३०

शुक्रवारी संध्याकाळी मी सायकल दुरुस्तीच्या सामुदायिक कार्यशाळेत जाते. वर्षाची वर्गणी भरायची आणि हत्यारं वापरायची. इथे तुमची सायकल कोणी दुरुस्त करून देत नाही, तुमच्याकडून करून घेतात. निवृत्त टर्नर, कॉलेजची पोरं, नुकती शहरात आलेली निर्वासित कुटुंबं, सगळ्यांचे हात ग्रीसने काळे. माझं फ्रेंच भाषेच्या वर्गात अडलं होतं, ते इथे सुटलं. चेन, पान्हा, आरा, ट्यूब यांना काय म्हणतात हे आधी शिकले, व्याकरण मागून आलं. क्रियापद चुकलं तरी ब्रेक लागतो की नाही हे दोघांनाही दिसत असतं.

इथले एक आजोबा डोंगरी क्लबचे जुने सभासद. मी सह्याद्रीत चढायचे असं सांगितल्यावर त्यांनी माझी सायकल बाजूला ठेवली आणि उद्याच्या सहलीत माझं नाव घातलं.

रात्री ८:३०

वरणभात, अक्रोडाची चटणी आणि टेबलावर १:२५,००० चा नकाशा. उद्या मों-एग्वीय. गॅप शहराकडे जाणारी छोटी गाडी पकडायची, क्लेलला उतरायचं आणि पायथ्याला वळसा घालायचा. माथ्यावर जायला दोर लागतो, तो बेत नाही. २,०८७ मीटर उंचीचा हा सुळका व्हेर्कोरच्या पठारापासून झिजून सुटा झालेला. चारी बाजूंनी ताशीव कडे आणि वर हिरवं कुरण. १४९२ मध्ये राजा आठव्या चार्ल्सच्या हुकमावरून आंत्वान द व्हील नावाचा सरदार शिड्या नि दोर घेऊन तिथे चढला. गिर्यारोहणाची सुरुवात पुष्कळजण तिथून मोजतात. दुसऱ्यांदा कोणी वर पोचलं ते १८३४ मध्ये.

साताऱ्याच्या माणसाला असा डोंगर दिसला की तो तटबंदी शोधतो. मीही आजोबांना विचारलं होतं, वर किल्ला का नाही बांधला? ते म्हणाले, पाणी कुठे आहे? हा सगळा चुनखडीचा दगड, पाऊस भेगांतून खाली निघून जातो. आपल्या बेसाल्टमध्ये टाकं खोदलं की वर्षभर पाणी राहतं, म्हणून आपल्या डोंगरांवर गड उभे राहिले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढूनही हा विचार मला परक्या डोंगरापाशीच सुचला.

वाटेच्या खुणा पाठ करायच्यात. पांढरा-लाल पट्टा लांब पल्ल्याच्या वाटेचा, पिवळा स्थानिक वाटेचा, आणि फुली दिसली की चुकीची वाट.

रात्री १०:४०

फोन. हंगेरीच्या मॅडम. यंत्रमानवाच्या चिमट्यावर बर्फ धरलाय, टाचणी सुटत नाहीये. दुसऱ्या पडद्यावरचं वाळवायचं बटण दाबा, थोडं थांबा, मग नमुना परत मागवा. दहा मिनिटांनी निरोप आला, चालू झालं. फोन उशाशी ठेवला. उद्यापासून फोन घेण्याची ही ड्यूटी दुसऱ्या सहकाऱ्याकडे.

परदेशात संशोधनाला निघालेली मुलं मला विचारतात, तिथे सगळं इंग्रजीत भागतं ना? भागतं. प्रयोगशाळेत तर छानच भागतं. पण एखादा छंद असा जरूर धरा, जो इंग्रजीत भागत नाही. गायन, सायकल, डोंगर, बागकाम, काहीही. आणि तो पहिल्या महिन्यातच धरा, करार संपत आल्यावर नव्हे.